गळ्यातली भूक

ज्या दोन वर्षांत आमच्या गावातल्या माणसांचे गाल आत गेले आणि बैलांच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या, त्याच दोन वर्षांत मी जाड झाले. एवढं एक वाक्य लिहायला मला पासष्टी ओलांडावी लागली. आमच्या शाळेचा त्या काळातला एक फोटो आहे. मागच्या महिन्यात नातीने तो कपाटातून काढला आणि विचारलं, "आजी, यात तू कुठली?" मी बोट ठेवलं. पहिल्या रांगेत, काड्यांसारख्या हातापायांच्या मुलींमध्ये, दोघींची जागा अडवून बसलेली. नात हसली नाही. "तेव्हा तर दुष्काळ होता ना?" एवढंच म्हणाली. मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं काय ते इथे लिहिते आहे.

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, गावच्या सोसायटीच्या गोदामावर होते. गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली. आत खताचा वास, तागाच्या पोत्यांचा वास आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याचा वास. दुपारी पत्रा तडतडायचा. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांचं. त्या वर्षी गावातले ओळखीचे आवाज बंद झाले होते. मोटा थांबल्या होत्या, ओढ्यावर धुणी आपटली जात नव्हती. त्यांच्या जागी दुसरे आवाज आले. विहिरी खोल करायला लावलेले सुरुंग रोज दुपारी उडायचे, भांडी फळीवर थरथरायची, आणि माय चुलीपुढून मान वर न करता हाताने भांडं धरायची.

माझा एक धाकटा भाऊ होता, बंडू. पाच वर्षांचा. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळचं गढूळ पाणी पिऊन त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि पुढे एसटीने त्याला अंबाजोगाईला न्यायचं ठरलं. नाना आणि माय त्याला घेऊन गेले, मी घरी राहिले. संध्याकाळच्या आत दोघं परत आले. एसटी यायच्या आधीच, सडकेवरच सगळं संपलं होतं. माय रडली की नाही मला आठवत नाही. मला आठवतं ते दुसऱ्या दिवसापासूनचं तिचं गप्प होणं. हो, नाही, आण, ठेव, यापलीकडे ती बोलेना. घरात बंडूचं नाव निघेना. नाना सकाळी गोदामावर जायचे ते दिवस मावळताना यायचे.

स्वयंपाक मात्र ती चौघांचा करायची. सवयीने असेल किंवा मुद्दाम, आजवर मला कळलेलं नाही. जेवायला बसलं की नानांना एक, मला एक, आणि मग हातातली पुढची भाकरी, बंडूच्या वाटणीची, ती क्षणभर धरून ठेवायची आणि माझ्या ताटात टाकायची. मी खायला लागले की ती माझ्याकडे बघायची. दिवसभरात तेवढ्याच वेळी तिचे डोळे माझ्यावर असायचे. मी शेवटचा घास गिळेपर्यंत बघायची, मग उठून चुलीकडे तोंड करायची. स्वतः काय खायची कोण जाणे. तिची मनगटं वाळत चालली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी चौदा वर्षांची होते. आईने आपल्याकडे बघावं म्हणून मी खात होते हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. पोट भरलं तरी ताट पुढे करायचं, एवढं मी शिकले.

पुढे पुढे मला कोणी बघायचीही गरज राहिली नाही. मायने बंडूचा सदरा शेजारच्या पोराला देऊन टाकला त्या दिवशी मी उतरंडीतल्या मडक्यातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला. शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना पहिलीच्या वर्गात चुकून बंडूचं नाव पुकारल्याचं कानावर आलं, त्या दिवशी मूठभर शेंगदाणे. गूळ-शेंगदाणे संपले तेव्हा मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लालसर पिठात मीठ घालून ते कोरडंच. रडू यायच्या आधी गळ्यात एक गोळा यायचा, आणि काहीतरी गिळलं की तो खाली जायचा. थोड्या वेळाने परत वर यायचा. गिळण्यामधल्या त्या थोड्या वेळासाठी मी काहीही खाल्लं असतं.

मग सुकडी आली. दुष्काळी कामावरच्या माणसांसाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी सरकार ती वाटायचं. भाजलेल्या पिठात गूळ आणि तेल घालून केलेली, पिवळसर, हाताला चिकटणारी. आमच्या भागातल्या कामाची पोती सोसायटीच्या गोदामात उतरायची आणि तिथून रोज गाडीने पाझर तलावाच्या कामावर जायची. दुपारी नानांची भाकर घेऊन मी गोदामावर जायचे. नाना भाकर घेऊन बाहेरच्या लिंबाखाली गाडीवानांबरोबर बसायचे आणि मला म्हणायचे, आत बस, ऊन लई हाय. आत एक पोतं नेहमी उघडं असायचं. पहिल्या दिवशी मी एक चिमूट घेतली. महिन्याभरात ओंजळी भरून खायला लागले. पोत्यांच्या मागे भिंतीला टेकून, तोंड पटकन पटकन हलवत, चव न घेता. खाऊन झालं की परकराने ओठ पुसायचे आणि स्वतःची अशी शिसारी यायची की वाटायचं, उद्यापासून इकडे यायचंच नाही. दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन मीच पुढे असायचे.

अंग वाढत गेलं तशी मी घरातल्या घरात उपाय करून बघितले. सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवारही. उपासाच्या दिवशी पाण्यावर राहायचे, डोकं भणभणायचं, आणि दुसऱ्या दिवशी गोदामात दोन दिवसांचं मिळून खायचे. शाळेत मुलं मला पोतं म्हणायला लागली. मी खाली मान घालून ऐकून घ्यायचे, कारण मला ते बरोबर वाटायचं. पुढे मी नर्स झाले, आणि दवाखान्यात कुणी वजनकाट्यावर चढताना डोळे मिटून घेतले, की मला ती खाली घातलेली मान आठवायची.

एका दुपारी कामावरची सुकडी रांग संपायच्या आत संपली. रांगेच्या शेवटी केराबाईची लेक उभी होती, तीनचार वर्षांची. केराबाई खडी फोडायच्या कामावर होती, नवरा ऊसतोडीला गेला तो परत आला नव्हता. ती आणि आणखी दहाबारा बायका काम टाकून तशाच गोदामावर आल्या. सोसायटीचे चेअरमन तेव्हा तिथेच खुर्चीवर बसले होते. नाना नुकतेच जेवून उठले होते. मी आत होते, पोत्यांच्या मागे. केराबाई आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिचा आवाज शांत होता, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"नाना, तुमाला आमी चोर म्हनत न्हाई. पर सगळ्या गावाची लेकरं वाळाया लागलीत, आन एकट्या तुमच्याच घरातलं लेकरू कावून फुगतंय, तेवढं सांगा."

चेअरमननी नानांकडे बघितलं. नाना आमच्या गावात सरळ माणूस म्हणून ओळखले जायचे. सणावाराला कोणी गाडीवानाने गोदामातली मूठभर डाळ त्यांच्या पिशवीत टाकली तर ती परत पोत्यात ओतणारे. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

"मेलेल्या लेकराची आन घेऊन सांगतो," ते म्हणाले, "एक दाना घरी नेला न्हाई."

बंडू गेल्यापासून त्यांच्या तोंडी तो पहिल्यांदा आला. नाव नाही घेतलं, पण आला. माझ्या हातात तेव्हा सुकडी होती. मूठ बंद होती, बोटांच्या फटीतून ती बाहेर येत होती. मी पोत्यांमागून बाहेर आले. का आले हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. धाडस म्हणावं तर तसं काही नव्हतं. बंडूची शपथ खोटी पडली तर तो अजून एकदा मरेल, असलं काहीतरी चौदा वर्षांच्या डोक्यात आलं असावं.

"म्या खाल्ली," मी म्हणाले. "हितंच बसून. रोज."

मला वाटलं बायका अंगावर येतील. केराबाई जवळ आली, माझ्या मुठीकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिने विचारलं, "एवढी भूक लागती व्हय गं तुला?"

तिची लेक तिच्या कमरेला धरून उभी होती, केस तांबूस झालेले, पोट पुढे आलेलं. आणि मला भूक नव्हती. तासापूर्वी मी घरून जेवून आले होते. आयुष्यात मी लाज पुष्कळ पाहिली, पुढे दवाखान्यात तर लोकांच्या सगळ्या लाजा हाताखालून गेल्या, पण त्या प्रश्नापुढे उभं राहिल्यासारखं परत कधी वाटलं नाही.

चेअरमननी त्याच दिवशी नानांकडून किल्ल्या घेतल्या. पोरीचं नाव घेऊन बाप सुटायला बघतो असं काही जण म्हणाले, तर काहींना नानांची दया आली. नाना दोन्ही प्रकारच्या लोकांशी बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत, मायला काय ते दोन वाक्यांत सांगितलं. आठवड्याच्या आत आम्ही तिघंही त्याच पाझर तलावाच्या कामावर जायला लागलो. नाना खडी फोडायचे, माय आणि मी टोपल्यांनी माती वाहायचो. ज्या बायकांनी मला मुठीसकट पाहिलं होतं त्यांच्याच रांगेत.

मी खाणं सोडलं. आता उपासतापास नव्हे, सोडलंच. माय भाकरी टाकायची, ती मी कामावर नेते म्हणून फडक्यात बांधायचे आणि वाटेत कुत्र्याला घालायचे. दुष्काळात कुत्र्याला भाकरी. तेही पापच, पण माझ्या तोंडात जात नाही याचं मला समाधान होतं. सातव्या की आठव्या दिवशी डोक्यावर टोपली असताना डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि मी मातीसकट बांधावरून खाली गेले.

शुद्धीवर आले तेव्हा बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत होते आणि कामावर लस टोचायला येणारी नर्सबाई माझं मनगट धरून बसली होती. सुलोचनाबाई तिचं नाव. अंबाजोगाईकडची, बौद्ध घरातली पहिली शिकलेली मुलगी, पांढऱ्या साडीला कायम मातीचा काठ. तिने मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. मग बायकांना दूर पाठवून मला सगळं विचारलं. गावात झालेलं तिच्या कानावर आलेलं असणार, तरी तिने ते माझ्याच तोंडून ऐकलं. सुकडी, गूळ, कोरडं पीठ, सोमवार-गुरुवार, कुत्रा. ती मध्ये एकदाही चुकचुकली नाही.

"भूक कुठं लागते तुला?" तिने विचारलं. "पोटात का गळ्यात?"

मी गळ्याला हात लावला.

"मग ती भाकरीनं कशी जाईल?" ती म्हणाली. "पोटातल्या भुकेला वेळेवर खायला घाल, तिचा काही गुन्हा नाही. गळ्यातली आली की थांब. काय झालंय ते कुणाला तरी सांग. कुणी नसलं तर मला सांग, मी बुधवारी येते."

पुढे मी स्वतः नर्स झाले, मोठमोठ्या डॉक्टरांचं या विषयावरचं बोलणं ऐकलं. त्यातलं पुष्कळ खरं आहे आणि कामाचं आहे. पण तट्ट्याच्या सावलीत ऐकलेल्या त्या चार वाक्यांपेक्षा मूळ गोष्ट मला कोणी जास्त सोपी करून सांगितली नाही. तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एकटीने खायचं नाही, आणि एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी उपास करून शिक्षा घ्यायची नाही, पुढच्या जेवणाला नेहमीसारखं बसायचं.

एकटीने खायचं नाही म्हणजे कामावर बायकांमध्ये बसायचं. पहिल्या दिवशी मी जरा अंतर सोडून बसले. केराबाईनेच सरकून जागा केली. तिच्या फडक्यात मिलोची भाकरी आणि लाल तिखट, माझ्याही तेच. तिने माझ्या भाकरीवर आपलं तिखट घातलं आणि मुकादमाच्या तक्रारी सांगायला लागली. मला घास गिळायला फार वेळ लागला. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. तिची लेक वाचली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचली नसती तर हे प्रकरण मी लिहूच शकले नसते.

कुणाला तरी सांग, हे मात्र जमेना. बुधवार लांब असायचा. एक दिवस कामाला सुट्टी होती. सुरुंग उडाला, फळीवरचं पितळी भांडं खाली पडलं, आणि ते बंडूचं दूध प्यायचं होतं. गळ्यात गोळा आला. हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेला. झाकण काढलंही होतं. माय दाराशी बसून मिलो निवडत होती. मी डबा तसाच ठेवून तिच्यापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "माय, मला बंडूची आठवण येती."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग तिचं सूप थांबलं.

"एसटीची वाट बघताना पानी मागत हुता," ती म्हणाली. "डाक्टर पाजू नका म्हनतेल म्हनून म्या दिलं न्हाई."

एवढ्या महिन्यांत ती हेच गिळून बसली होती. मला पुढे शिकताना कळलं की तेव्हा पाणीच पाजायला हवं होतं. ते मी तिला तिच्या मरेपर्यंत सांगितलं नाही. त्या दुपारी आम्ही दोघी दारात बसून रडलो, येणारेजाणारे बघत होते. मग तिने उठून पिठलं केलं. दोघींनी एका ताटात खाल्लं. मी भाकरी मोडून तिच्या हातात देत होते, आणि ती खात होती.

वजन उतरायला किती काळ लागला असं माझ्याकडे येणाऱ्या पोरी विचारायच्या. मी सांगायचे, तीन वर्षं, आणि त्यांचे चेहरे पडायचे. त्यातही सरळ उतरणीसारखं काही नव्हतं. दहावीच्या परीक्षेआधी मी पुन्हा लपून खाल्लं. केराबाई लेकीला घेऊन कायमची पुण्याकडे गेली तेव्हा आठ दिवस खाल्लं. मग पुढच्या जेवणाला नेहमीसारखी बसले. पाऊस परत आला, ज्वारी पिकली, घरात पुरेसं झालं, आणि तेव्हा खरी परीक्षा होती, कारण दुष्काळात डबा रिकामा तरी असायचा. आजही माझी साखर वाढलेली असते. यजमान गेले त्या वर्षी मी इतकी फुगले की सुनेने माझे अंगात रुतायला लागलेले दागिने काढून ठेवले. या बाबतीत मी बरी झाले असं मी म्हणत नाही. गोळा आला की ओळखायला येतो, एवढं झालं.

नानांना सोसायटीने परत बोलावलं नाही. ते शेवटपर्यंत दुसऱ्याच्या शेतावर राबले. त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी नर्सिंगला अंबाजोगाईला गेले, तिथे एकदा ते मला भेटायला आले. अंगात धुतलेला सदरा, हातात मायने दिलेलं धपाट्यांचं गाठोडं. मी त्यांना खानावळीत नेलं. पोरगी बापाला जेवू घालते याचा त्यांना संकोच वाटत होता. निम्मं जेवण झाल्यावर, ताटाकडे बघतच ते म्हणाले,

"मला ठावं हुतं."

मी विचारलं, काय?

"तू सुकडी खायचीस ते. तुझ्या व्हटाला लागलेली असायची. मी भाईर जेवाया बसायचो ते त्याच्यासाठीच." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "बंडू गेल्यावर तू रडलीच न्हाईस. खात हुतीस तवा तरी जरा बरी दिसायचीस. म्हनलं, खाऊ दे."

डाळीची मूठ परत पोत्यात ओतणारा हा माणूस रोज दुपारी लिंबाखाली बसून माझ्याकडे पाठ करत होता, आणि त्या बायकांसमोर मेलेल्या पोराची शपथ त्याने सगळं ठाऊक असताना घेतली होती. ते ओझं घेऊन त्याने इतकी वर्षं माती उपसली होती.

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "तवा तुला जवळ घेऊन बसाया पायजे हुतं. मला ते येत न्हवतं."

माझ्या पुढ्यात गरम पोळी होती आणि वाटीभर आमटी. गळा भरून आला होता. मी हात धुतले आणि भरल्या खानावळीत, वाढप्यांच्या आणि जेवणाऱ्यांच्या देखत, रडायला लागले. नानांनी जेव म्हणून सांगितलं नाही. आपलं ताट बाजूला सारलं, बाकावर सरकून माझ्या शेजारी आले, आणि माझं रडून होईपर्यंत पाठीवर हात ठेवून बसले. हात कसा ठेवायचा हे त्यांना नीट कळत नव्हतं. तो जडशीळ, उकललेला हात मधूनमधून उचलला जायचा आणि पुन्हा तिथेच यायचा.